मुका झालेला फोन

माझी थोरली बहीण अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, राजूरच्या पलीकडे, डोंगराच्या कुशीतील एका वाडीवर राहते. आम्ही सर्व भावंडे तिला अक्का म्हणतो. तिच्या अंगणात उभे राहिले, की समोर कळसूबाईचे शिखर दिसते. महाराष्ट्रातील हे सर्वांत उंच शिखर. उंची १६४६ मीटर. अशा ठिकाणी पावसाळ्यात वीज जाते, ओढ्यांना पूर येऊन वाटा बंद होतात, आणि माणसाला माणसाशी जोडणारी एकच वस्तू उरते. ती म्हणजे कनवटीला खोचलेला लहानसा भ्रमणध्वनी. ज्याला आपण सारे मोबाइल फोन म्हणतो.

अक्काजवळ असा एक फोन पुष्कळ वर्षांपासून होता. त्याला बटणे होती आणि माथ्यावर विजेरीचा छोटा दिवा होता. तो अनेकदा पडला, एकदा तर भाताच्या खाचरात बुडाला. पण उन्हात वाळवताच पुन्हा बोलू लागला. गेल्या आषाढात संगमनेरला नोकरीस असलेला तिचा मुलगा घरी आला. महिन्याचा खर्च कमी व्हावा म्हणून त्याने आईचा नंबर तोच ठेवून कंपनी तेवढी बदलून आणली होती. संगमनेरला स्वतःच्या फोनात ते नवे सिमकार्ड घालून त्याने खात्री करून घेतली होती. ते आईच्या फोनात बसवून तो पहाटेच्या गाडीने परत गेला. त्यानंतर फोन वाजला नाही. पण डोंगरात रेंज जाते-येते, त्यामुळे अक्काला त्यात काही वावगे वाटले नाही.

तिसऱ्या रात्री दाजींना जोराचा दम लागला. अक्काने मुलाचा नंबर लावला. फोनातून आवाज नाही. पुन्हा लावला, अंगणात जाऊन लावला, बांधावर चढून लावला, फोन मुकाच. शेवटी त्याच फोनची विजेरी पेटवून ती माउली चिखल तुडवीत शेजाऱ्यांच्या घराकडे धावली. शेजाऱ्यांनी जीप काढली आणि दाजींना राजूरला नेले. दाजी बरे झाले. पण मला पुढे कित्येक दिवस एकच चित्र डोळ्यांसमोर दिसत राही : फोनचा दिवा लागतो आहे, बटणे उजळत आहेत, बॅटरी भरलेली आहे, आणि तरीही त्या फोनला हाक मारता येत नाही.

बाजाराच्या दिवशी अक्काने तो फोन राजूरच्या एका दुरुस्ती करणाऱ्या तरुणाला दाखविला. त्याने फोन उघडला, पाहिला आणि पुन्हा बंद केला. तो म्हणाला, "आजी, तुमचा फोन धडधाकट आहे. पण ही नवी कंपनी चौथ्या पिढीची भाषा बोलते, आणि ह्याला येते फक्त दुसऱ्या पिढीची. दोघांचं बोलणं व्हायचं कसं?"

मला त्या वेळी माझ्या आजोबांची आठवण झाली. त्यांचे मोडी अक्षर मोत्यासारखे होते. बाळबोध मात्र ते अडखळत वाचीत. विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी शाळांतून आणि कचेऱ्यांतून गेली. आजोबांचे डोळे तेच होते, बुद्धी तीच होती. पण कचेरीतून आलेला कागद ते नातवापुढे धरू लागले. अक्काच्या फोनचेही असेच झाले होते.

मुलांनो, टू-जी, थ्री-जी, फोर-जी, फाइव्ह-जी असे शब्द तुम्ही रोज ऐकता. त्यांतील 'जी' म्हणजे पिढी. मनोरा आणि फोन यांनी एकमेकांशी कोणत्या लहरींवर आणि कोणत्या नियमांनी बोलायचे, हे दर पिढीत नव्याने ठरविले जाते. नियम बदलले की फोनचे अंतरंग बदलावे लागते, आणि पुष्कळदा बाह्यांगही. फोनची उंची, पाठ, कडा, वजन यांच्या मागे केवळ कारागिराची आवड नसते. डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरींनी ती घडविलेली असतात. मी जन्मभर भाषा शिकविली. हा विषय मी शाळेतील विज्ञानाच्या शिक्षकांशेजारी बसून शिकलो, आणि तो जसा मला उमगला तसा तुम्हांला सांगतो.

प्रथम लहरींचे माप समजून घेऊ. रेडिओलहर एका सेकंदात सुमारे ३ लक्ष किलोमीटर धावते. तेवढ्या वेळात ती जितकी आंदोलने करते, तितके तिच्या वाटेचे तुकडे पडतात. अशा एका तुकड्याची लांबी म्हणजे तिची तरंगलांबी. आंदोलने अधिक, तर तरंग आखूड. लहर पकडण्यासाठी धातूची जी तार किंवा पट्टी लागते तिला अँटेना म्हणतात, आणि ती साधारणपणे तरंगलांबीच्या चौथ्या हिश्श्याएवढी असली म्हणजे तिचे काम चांगले होते. हा चौथा हिस्सा लक्षात ठेवा. पुढील सारी कथा त्याच्याभोवती फिरते.

तुमच्यापैकी अनेकांनी साध्या फोनवर आकाशवाणीचे एफ. एम. केंद्र ऐकले असेल. कानात घालायची वायर जोडल्याशिवाय बहुतेक फोनांतून रेडिओ लागत नाही. असे का? एफ. एम. केंद्राच्या लहरी साधारण १०० मेगाहर्ट्झच्या, म्हणजे तरंगलांबी सुमारे ३ मीटर. तिचा चौथा हिस्सा ७५ सेंटिमीटर. एवढी तार वीतभर फोनात मावणार कोठे? म्हणून फोन तुमच्या कानातील वायरीलाच अँटेना करतो. भारतात फोनच्या बोलण्यासाठी जी ९०० मेगाहर्ट्झची लहर प्रथम वापरली गेली, तिची तरंगलांबी मात्र ३३ सेंटिमीटर, आणि चौथा हिस्सा सुमारे ८ सेंटिमीटर. ती तार फोनच्या डोक्यावर शिंगासारखी बसू शकली. तुमच्या आजोबांच्या पहिल्या फोनला असे आखूड शिंग असेल, तर ते आता तुम्हांला ओळखता येईल.

हातात धरता येणाऱ्या फोनवरून पहिले संभाषण ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्क शहरात मार्टिन कूपर या अभियंत्याने केले. त्या फोनचे वजन एक किलोहून अधिक होते, आणि अर्धा तास बोलले की त्याची बॅटरी संपे. ही पहिल्या पिढीची पूर्वतयारी. त्या पिढीत आवाज जसाच्या तसा लहरींवर चढविला जाई. भारतात मोबाइल सर्वांसाठी आला तो एकदम दुसऱ्या पिढीपासून. ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कोलकात्याहून दिल्लीस केंद्रीय मंत्री सुखराम यांच्याशी भाषण केले; ते आपल्या देशातील पहिले मोबाइल संभाषण.

दुसऱ्या पिढीने आवाजाचे आकड्यांत रूपांतर केले, आणि एकाच वाटेवर आठ जणांना बसविले. हे कसे, ते प्रवरेच्या कालव्यांवर वाढलेल्या मुलांना चटकन कळेल. भंडारदऱ्याचे आवर्तन सुटले म्हणजे चारीवरचे सर्व शेतकरी एकाच वेळी पाणी घेत नाहीत. प्रत्येकाची पाळी ठरलेली असते. आपली पाळी आली की दारे धरायचे, संपली की बांध घालून थांबायचे. फोनही तसेच करू लागले. फरक एवढाच, की येथे एक पाळी सेकंदाच्या सुमारे १७०० व्या हिश्श्याइतकी लहान, आणि ती सेकंदाला सुमारे २१७ वेळा येते. पूर्वी रेडिओजवळ ठेवलेला फोन वाजण्याआधी रेडिओतून 'टर्र-टर्र, टर्र-टर्र' असा आवाज येई. तो आवाज म्हणजे पाळी आली की बोलणारा आणि पाळी संपली की गप्प बसणारा फोनच होय!

बोलताना उरलेल्या सात पाळ्यांत फोनचा लहरी सोडणारा भाग विसावा घेई. म्हणून त्या काळी लहान बॅटरीही दिवसचे दिवस पुरे. फिनलंडच्या नोकिया कंपनीने २००३ साली काढलेल्या ११०० या फोनची बॅटरी अवघी ८५० मिलिअँपिअर-तासांची होती. धूळ शिरू नये म्हणून त्याच्या बटणांवर एकसंध आवरण होते, आणि माथ्याला विजेरी होती. वीज जेथे सारखी जाते अशा आपल्यासारख्या देशांसाठीच तो घडविला होता. जगात असे २५ कोटींहून अधिक फोन खपले. फोन सुंदर दिसावा म्हणून धडपडणारे कारागीर पुष्कळ झाले. पण अंधारात गोठ्याकडे जाणाऱ्या माणसाचा विचार करणाऱ्याला मी मोठा कारागीर समजतो.

त्याच सुमारास शिंग नाहीसे झाले. १८०० मेगाहर्ट्झची लहरही वापरात आली, आणि तिचा चौथा हिस्सा जेमतेम ४ सेंटिमीटर. अभियंत्यांनी धातूची पातळ पट्टी दुमडून ती फोनच्या पाठीत, प्लास्टिकच्या आवरणाखाली दडविली. १९९९ सालचा नोकिया ३२१० हा फोन असा बिनशिंगाचा होता, आणि तो कोट्यवधी लोकांनी घेतला. अँटेना गेली नव्हती. ती घरात राहायला आली होती.

ती घरात आल्यावर घराच्या भिंतींना महत्त्व आले. एक प्रयोग वडीलधाऱ्यांना विचारून करून पाहा. डब्यातील पोळ्या गुंडाळण्यासाठी जो चंदेरी कागद मिळतो, त्यात एक फोन चोहोबाजूंनी घट्ट गुंडाळा आणि दुसऱ्या फोनवरून त्याला हाक मारा. बहुधा तो वाजणार नाही. धातू रेडिओलहरींना अडवितो. एवढेच नव्हे, तरंगाच्या मानाने छिद्रे लहान असली तर धातूची जाळीही त्यांना अडविते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे, अहिल्यानगर जिल्ह्याच्या सीमेपासून फारशी दूर नाही अशी, रेडिओलहरींची प्रचंड दुर्बीण आहे. तिच्यात प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. पण त्या सलग पत्र्याच्या नाहीत, तारांच्या जाळीच्या आहेत. आकाशातून येणारी लहर त्या जाळीतून निसटत नाही, आणि वारा मात्र खुशाल निघून जातो. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या त्या दुर्बिणीला दूरच्या ताऱ्यांची कुजबुज ऐकायची असते. म्हणून मोबाइलची बडबड हा तिचा मोठा शत्रू आहे.

आता तिसऱ्या पिढीकडे वळू. तिने आवाजाबरोबर चित्रे वाहून नेली. पाहायला चित्र आले म्हणून पडदा वाढला, बोलणाऱ्याचा चेहरा दाखविण्यासाठी समोरच्या बाजूस कॅमेरा आला, आणि हळूहळू बटणे गेली. अमेरिकेतील ॲपल कंपनीच्या २००७ सालच्या पहिल्या आयफोनची पाठ बहुतांशी ॲल्युमिनियमची होती. तळाशी काळ्या प्लास्टिकचा एक तुकडा होता, आणि त्याच्या आड अँटेना. तो फोन दुसऱ्या पिढीचाच होता. पुढच्या वर्षी त्याच कंपनीने तिसऱ्या पिढीचा फोन काढला तेव्हा संपूर्ण पाठ प्लास्टिकची केली, कारण आता अधिक प्रकारच्या लहरींना वाट हवी होती. पुढे निरनिराळ्या कंपन्यांच्या फोनांत धातू परत आला. पण त्याच्या कडेला प्लास्टिकच्या बारीक रेघा आल्या. त्या रेघा शोभेच्या नव्हेत. त्या अँटेनेच्या सीमा आहेत. आज अनेक फोनांना काचेची पाठ असते, त्याचेही एक कारण हेच, की काच लहरींना अडवीत नाही.

चौथी पिढी भारतात २०१२ साली कोलकात्यात प्रथम आली. तिने पाळीची पद्धत सोडली. दुसऱ्या पिढीची एक वाट ०.२ मेगाहर्ट्झ रुंदीची; चौथ्या पिढीची २० मेगाहर्ट्झपर्यंत, म्हणजे शंभरपट रुंद! आणि त्या रुंद कालव्यातून १२०० बारीक धारा शेजारी शेजारी, एकमेकींत न मिसळता वाहतात. त्या सर्व धारा एकाच वेळी वेचून वेगळ्या करण्याचे गणित फोनला करावे लागते. शिवाय मनोरा एकाच वेळी दोन निरनिराळे निरोप सोडतो, आणि ते वेगवेगळे ऐकण्यास दोन कान लागतात. म्हणून फोनात एक अँटेना माथ्याला आणि एक तळाला बसविण्याची रीत पडली. तुमच्या मुठीत एक झाकली गेली, तर दुसरी काम करते. एवढे गणित आणि एवढा मोठा पडदा यांना वीज फार लागते. जेथे ८५० मिलिअँपिअर-तास पुरत होते, तेथे आता ५००० ची बॅटरी सर्रास दिसते. बॅटरीला जागा हवी म्हणून बाकीच्या वस्तू अंग चोरू लागल्या. सिमकार्डच पाहा ना, पहिले कार्ड तळहाताएवढे होते, आता ते करंगळीच्या नखाएवढे झाले आहे.

चौथ्या पिढीत एक खोच होती, आणि अक्काच्या फोनचे कोडे तिच्यात दडले आहे. ही पिढी मुळात माहिती वाहण्यासाठी रचलेली. आवाजासाठी तिच्यात वेगळी वाट नव्हती. आवाजही माहितीसारखाच पुडक्यांत बांधून पाठवावा लागे. आरंभीच्या अनेक फोनांना ही विद्या येत नव्हती. ते चित्रे चौथ्या पिढीच्या वाटेने मागवीत, आणि कोणाचा कॉल आला की गुपचूप खाली उतरून दुसऱ्या किंवा तिसऱ्या पिढीच्या वाटेवर जाऊन बोलत. जेथे जुन्या वाटा होत्या तेथे हे निभावले. पण केवळ चौथ्या पिढीचेच मनोरे उभारणारी कंपनी असेल, तर तेथे जुना फोन उतरणार कोठे? असे मनोरे वाढले, तेव्हा चौथ्या पिढीची भाषा बोलणारे बटणांचे स्वस्त फोनही बाजारात आले. वरून पाहावे तर ते अगदी अक्काच्या फोनसारखे. अंतरंग मात्र निराळे.

पाचवी पिढी भारतात १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. तिच्यासाठी आपल्याकडे प्रामुख्याने ३३०० मेगाहर्ट्झच्या पुढील लहरी वापरतात. त्यांची तरंगलांबी सुमारे ९ सेंटिमीटर. चौथा हिस्सा दोन सेंटिमीटरांहून किंचित अधिक. अँटेना इतकी लहान झाली, की एका फोनात चार-चार मावू लागल्या. पण आखूड लहरीचा दोषही आहे. भिंतीतून जाताना ती थकते. २६,००० मेगाहर्ट्झची लहर तर एक सेंटिमीटराहून थोडी मोठी. तिला झाडाची पाने अडवितात, आपला हातही अडवितो. ज्या फोनांना ती ऐकायची असते, त्यांना कडेला खास जागा ठेवावी लागते. २०२० सालचा आयफोन १२ अमेरिकेत विकला गेला तेव्हा त्याच्या उजव्या कडेवर एक लांबट खिडकी होती; तोच फोन भारतात आला तेव्हा त्याला ती खिडकी नव्हती, कारण ऐकण्यास तशी लहरच येथे नव्हती. अशा मिलिमीटरांत मोजण्याच्या लहरी आपल्या जगदीशचंद्र बसूंनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कोलकात्यात निर्माण केल्या होत्या, आणि १८९७ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये त्यांविषयी व्याख्यान दिले होते. फोनला त्या लहरींपर्यंत पोहोचावयास शंभराहून अधिक वर्षे लागली.

येथे कोणी विचारील, की नवा फोन जुनी भाषा विसरतो काय? नाही. पाचव्या पिढीच्या फोनला चौथीची, तिसरीची आणि दुसरीचीही भाषा येते. कारण प्रवासात कोठे कोणता मनोरा भेटेल याचा नेम नसतो. प्रत्येक लहरपट्ट्यासाठी त्याच्या पोटात निरनिराळी गाळणी असते, आणि एका फोनात अशा डझनावारी गाळण्या असतात. मोडी आणि बाळबोध दोन्ही जाणणाऱ्या कुलकर्ण्यासारखा तो असतो. उलट मात्र घडत नाही. जुन्याला नवी भाषा शिकविता येत नाही, कारण त्याच्या अंगी त्या गाळण्याच नसतात.

मग जुन्या मनोऱ्यांचे काय होते? लहरपट्टे मोजकेच आहेत, जमिनीसारखे. नव्या पिढीला जागा हवी असेल तर जुनीला उठावे लागते. अमेरिकेतील एका मोठ्या कंपनीने २०१७ च्या आरंभी आपली दुसरी पिढी बंद केली. आपल्याकडे गंमत अशी झाली, की एका मोठ्या कंपनीने तिसरी पिढी आधी बंद केली आणि दुसरी चालू ठेवली! मधली मुलगी गेली, थोरली राहिली. कारण उघड आहे. साधे बटणांचे फोन आजही कोट्यवधी हातांत आहेत, आणि त्यांतील पुष्कळ हात अक्कासारखे आहेत. ज्या दिवशी दुसरी पिढी बंद होईल, त्या दिवशी हे सारे फोन दिवे लावतील, वेळ दाखवतील, आणि मुके होतील. म्हणून ते मनोरे केव्हा उतरवायचे, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही. त्या वाडीवर आधी नवा फोन पोहोचला आहे की नाही, हे कोणीतरी जाऊन पाहिले पाहिजे.

दिवाळीत भाऊबिजेला मी अक्काकडे गेलो तेव्हा ओवाळणीच्या तबकात चौथ्या पिढीचा, बटणांचा एक फोन ठेवला. तिने तो उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाली, "अरे, हा तर माझाच फोन!" मग आम्ही परीक्षा घेतली. मी माझा फोन घेऊन विहिरीपलीकडे गेलो. ती अंगणात उभी राहिली. माझा फोन वाजला. मी कानाला लावला, तर फोनातून आणि अंगणातून तिचा आवाज एकदमच आला. कारण डोंगरातली माणसे फोनवरही मोठ्याने बोलतात.

"ऐकू येतंय का रे?" तिने विचारले.

"येतंय, अक्का."

"मग आता दाजींच्या उशाशी ठेवते हा. आणि ऐक, ती सहावी पिढी का काय ती येणार असेल, तर मला आधी सांग."

जुना फोन तिने टाकला नाही. त्याची विजेरी चांगली आहे. रात्री गाईला चारा घालायला जाताना ती अजून तोच नेते.